डोळ्याच्या पांढऱ्या भागातला लाल डाग, ठिपका, सूज : तुमचे अनुभव लिहा

केतकीचं_बन
काल बँकेच्या रांगेत माझ्या पुढे एक बाई होत्या. डाव्या डोळ्याचा पांढरा भाग जांभळट लाल, आणि एका हाताने सारखी भुवई दाबत होत्या. शेजारचे गृहस्थ सल्ला देऊन मोकळे, "उष्णता झालीय, धन्याचं पाणी प्या." मला एकदम आत्या आठवली.

आत्या सोलापूरला शाळेत शिकवायची. तिचा डोळा वर्षातून केव्हाही असा व्हायचा. चिकटा नाही, पू नाही, खाज नाही. नुसती लाली, तीही भडक नव्हे, कुठेतरी खोलवर असल्यासारखी. आणि ठणका. तो कपाळात, जबड्यात उतरायचा आणि पहाटे तिला झोपेतून उठवायचा. आमच्या घराला डोळ्याचा एकच आजार ठाऊक, डोळे येणे. त्यामुळे तिची उशी वेगळी, टॉवेल वेगळा, आम्हा पोरांना तिच्याकडे बघायचीसुद्धा बंदी. मेडिकलमधून थेंब यायचे, जरा बरं वाटायचं, थेंब संपले की पुन्हा तेच.

शेवटी एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळा बघायच्या आधी तिची बोटं बघितली. "सकाळी उठल्यावर मूठ वळते का हो?" वळत नव्हतीच. तास-तासभर बोटं आखडलेली असायची, आणि खडू धरून धरून होतं असं म्हणत ती वर्षानुवर्षं ते रेटत होती. रक्त तपासलं तर आमवात निघाला, आणि डोळ्याला त्याचाच स्क्लेरायटिस. म्हणजे डोळ्याचं जे पांढरं जाड कवच असतं, त्यालाच सूज. ते थेंबांनी भागण्यातलं नव्हतंच. पोटातून औषधं लागली, आधी स्टिरॉइड आणि मग मेथोट्रेक्सेटची गोळी. डोळा शांत झाला. एका जागी कवच पातळ होऊन आतला निळसर रंग दिसतो, तो तसाच राहिलाय. नजर शाबूत.

बँकेतल्या बाईंना मी बोटांबद्दल विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की पुढचं बोलणं राहिलंच.

तुमच्याकडे पांढऱ्यावर काय काय झालंय? लिहा.

अर्धा_कप
माझा किस्सा अगदी उलटा. जेवताना जोरात ठसका लागला, हात धुवायला उठलो तर आरशात अर्धा डोळा रक्ताळलेला. दुखणं शून्य, दिसणं नॉर्मल. बायको किंचाळली. डॉक्टर मात्र निवांत. बारीक नस फुटलीय म्हणाले, वरच्या पातळ पापुद्र्याखाली रक्त पसरलंय, दोन-तीन आठवड्यांत आपोआप जिरेल, औषध नाही. फक्त बीपी बघू. बीपी १७०/११०!! डोळा पिवळा होत होत साफ झाला, बीपीची गोळी मागे लागली ती लागलीच.

टोमॅटोसार
सेम. मला शिंकांनी झालं होतं. ऑफिसात कोणी जवळ येईना.

घाटमाथा
तुमचं बरंय. मी पिंपरीत कामाला, जुलै २०२३ मध्ये माझी नस फुटली. तेव्हा आळंदीत डोळ्यांची साथ जोरात चालू. गेटवरच सुपरवायझरने हात जोडले, म्हणाला साहेब घरी जा. मी सांगतोय अहो ही साथ नाही, नस आहे नस. ऐकतो कोण. भरपगारी रजा मिळाली. मीही मग फार वाद घातला नाही

टोमॅटोसार
हाहा. त्या साथीत आमच्या इमारतीत एकही घर सुटलं नव्हतं. काळे चष्मे घालून सगळे कचरा टाकायला खाली. पुण्याच्या विषाणू संस्थेने, एनआयव्हीने, एन्टेरोव्हायरस सांगितला होता ना तेव्हा? शाळांमध्ये डोळे आलेल्या पोरांना दारातूनच परत पाठवत होते.

निवृत्त_परिचारिका
अर्धा कप, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का तुम्हाला? ॲस्पिरिन वगैरे? तसं असेल आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना सांगा. पण मनाने गोळी बंद करू नका.

अर्धा_कप
नाही ताई, फक्त बीपीची. आता मशीनच घेतलंय घरी. सासरे आले की दर तासाला मोजून घेतात आणि स्वतःचे आकडे फॅमिली ग्रुपवर टाकतात.

देवबागकर
आमच्या किनाऱ्यावर नाकाकडून मांस वाढत येतं ते सगळ्यांनाच माहीत आहे. बाबांचा जन्म होडीवर गेला. वरून ऊन, खालून पाण्यावरून परत येणारं ऊन, वारा, खार. टोपी असली तरी पाण्यावरचं ऊन थांबत नाही. आधी पांढऱ्यावर गुलाबी पडदा, मग तो बुबुळावर चढायला लागला. बाबांचं एकच, "डोळ्यात रेव गेल्यासारखी वाटता." आई म्हणायची रेव नाय, म्हातारपण गेलाहा.

एका शिबिरात काढून टाकलं. नुसतंच खरवडून काढलं तर पुन्हा येण्याचा संभव बराच असतो, आणि आलंच, आधीपेक्षा जाड. दुसऱ्या वेळी कोल्हापूरला केलं. तिथे वरच्या पापणीखालचा स्वतःचाच पातळ पापुद्रा घेऊन त्या मोकळ्या जागेवर बसवला. टाके नाहीत, जागेवरचं रक्त गोठतं त्यानेच चिकटवला! आता बरेच वर्षांत आलेलं नाही. गॉगल मात्र बाबा घालत नाहीत. म्हणे मासे हसतील.

मेथीकूट
मासे हसतील 😂 बाबांना नमस्कार सांगा

साखरवाडी_एक्सप्रेस
मला नाकाकडच्या बाजूला पांढऱ्यावर पिवळट उंचवटा आहे. दुखत नाही. आई म्हणते कावीळ, मित्र म्हणतो कोलेस्ट्रॉल. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. मग हे आहे काय?

चष्मेवाली
मी दृष्टी तपासणीचं काम करते, डॉक्टर नाही, पण रोज बघते. न बघता खात्रीने सांगत नाही, तरी वर्णन पिंग्विक्युलाचं वाटतंय. ऊन, धूळ, वारा यांनी तिथला पापुद्रा जाड होतो. बाइकवर असतोस का? कावीळ असती तर सगळा पांढरा भागच पिवळा झाला असता, एक ठिपका नाही. हे बुबुळावर चढत नाही, वरच्या देवबागकरांनी लिहिलंय ते चढतं. कधी कधी सुजून लाल होतं तेव्हा दाखवायचं. एरवी हेल्मेटची काच खाली घे.

साखरवाडी_एक्सप्रेस
बाइकच ताई. फलटण ते बारामती रोज, ऊस-ट्रॉल्यांच्या मागून. पाचटाचे तुकडे थेट तोंडावर

घाटमाथा
त्या ट्रॉल्यांवर वेगळा धागा हवा. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, टेपवर गाणी मात्र गावभर.

साखरवाडी_एक्सप्रेस
गाण्यांची निवड चांगली असते पण 😄

नानीचा_वाडा
पटकन लिहिते, कुकर लावलाय.
मुलगा पहिलीत असताना बुबुळाच्या अगदी कडेला, पांढऱ्यावर मोहरीएवढा पिवळट दाणा आला, भोवती लाल. उजेड सहन होईना, खिडकी उघडली की ओरडायचा. मला वाटलं रांजणवाडीच, फक्त जागा चुकलीय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं, घरात कुणाला जुनाट खोकला आहे का? मी म्हटलं खोकल्याचा डोळ्याशी काय संबंध. तर म्हणाले याला फ्लिक्टेन म्हणतात. डोळ्यात जंतू शिरलेला नसतो, शरीरात दुसरीकडे जंतूंची ओळख झालेली असते आणि त्यांच्या प्रथिनांवर डोळा असा चिडतो. बहुतेक वेळा पापण्यांच्या कडांवरचे साधे जंतू, पण आपल्याकडे क्षयाचा विचार करावाच लागतो.
हातावर टीबीच्या तपासणीची सुई टोचली, ती जागा फुगली. मुलाचा एक्स-रे साफ. मग घरातल्या सगळ्यांची तपासणी, आणि सासऱ्यांच्या थुंकीत सापडला. ते वर्षभर "बिडीचा खोकला आहे" म्हणत होते. सरकारी दवाखान्यातून सहा महिने औषधं झाली, आता ठणठणीत. मुलाचा डोळा थेंबांनी बरा झाला, आणि टीबी होऊ नये म्हणून त्यालाही पोटातून औषध दिलं.
शिट्टी झाली पळते

केतकीचं_बन
बापरे. नातवाच्या डोळ्यात आजोबांचा आजार सापडला म्हणायचा.

नानीचा_वाडा
हो ना. आणि आजोबा अजून सगळ्यांना ऐकवतात की पोरामुळे मी वाचलो, त्याला काही बोलायचं नाही. पोरगं त्याचा पुरेपूर फायदा घेतं.

निवृत्त_परिचारिका
मी नंदुरबारमधल्या धडगावकडच्या पाड्यांवर काम केलंय. तिथे पांढऱ्यावरचा डाग म्हणजे आमच्या डोक्यात आधी वेगळंच यायचं. बुबुळाच्या बाहेरच्या, कानाकडच्या बाजूला राखाडी-पांढरा, कोरडा, साबणाच्या फेसासारखा ठिपका. बिटॉटचा डाग. अ जीवनसत्त्वाची कमतरता. आईला विचारायचं, तिन्हीसांजेला पोर ठेचकाळतं का, ताट चाचपतं का? ती हो म्हणाली की उत्तर मिळालं. तिथपर्यंत औषधाने सगळं परत येतं. दुर्लक्ष झालं आणि बुबुळ मऊ पडलं तर मग नजर जाते, काही उपाय राहत नाही. गोवर आणि जुलाबानंतर फार जपायचं.
अशा मुलाला लगेच अ जीवनसत्त्वाचा एक डोस, दुसऱ्या दिवशी एक, आणि काही आठवड्यांनी तिसरा. रातांधळेपणा दोन-चार दिवसांत जातो, आया पाया पडायच्या. डाग मात्र मोठ्या मुलांत कधी कधी तसाच राहतो, त्याला घाबरायचं नाही.
आपल्या शहरातल्या सुनांनाही सांगते. ९ महिन्यांना १ लाख युनिट, म्हणजे १ मिलि, मग दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांपर्यंत. एकूण ९ डोस. बहुतेक घरांत दीड वर्षाचा झाला की पुढचे डोस विसरतात. लसीच्या कार्डावर बघा.

मेथीकूट
ताई आत्ता उठून कार्ड बघितलं. लेकीचे तीन झालेत फक्त, ती चार वर्षांची होईल. सोमवारी अंगणवाडीत जाते. मनापासून थँक्यू.

निवृत्त_परिचारिका
जा. आणि दुकानातून आणून स्वतःच जास्तीचा देऊ नकोस, हे जीवनसत्त्व अंगात साठतं. शेवग्याचा पाला खाते का ती?

मेथीकूट
ती फक्त पनीर खाते ताई

वऱ्हाडी_ठेचा
अकोल्याचा उन्हाळा आणि पोट्ट्यांचे डोये. माझ्या भाच्याचं सांगतो. दर होळीले सुरू, डोये चोळून चोळून लाल, पांढरा भाग मळकट तपकिरी, बुबुळाच्या कडेला पांढरे पांढरे कण. ॲलर्जी होती. डॉक्टरनं स्टिरॉइडचे थेंब थोड्या दिवसासाठी देल्ले आणि परत बोलावलं. आता त्या थेंबांनी एका दिवसात आराम पडते. मग कोण जाते परत? मेडिकलवाला रिकामी बाटली पाहून दुसरी देते, चिठ्ठी मागत नाही. असं चालत गेलं. शाळेच्या तपासणीत समजलं का डोळ्यातला दाब वाढला. काचबिंदू! बारा वर्षाच्या पोराले! बाजूची नजर गेली ते गेली, आता रोज दाबाचे थेंब हायेत.

चष्मेवाली
हे मी इतक्यांदा बघितलंय की राग येतो. लाल डोळा कशाचाही असो, स्टिरॉइडने आधी पांढरा दिसतो, म्हणून लोकांना ते जादूचं औषध वाटतं. विषाणूची नागीण बुबुळावर असेल तर तेच थेंब बुबुळ खराब करतात. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन असं काही लिहिलेलं दिसलं तर तपासल्याशिवाय घालू नका. आणि चोळणं थांबवा, चोळून चोळून बुबुळाचा आकार टोकदार होतो ते वेगळंच.

वऱ्हाडी_ठेचा
बर्फाच्या पाण्याची पट्टी ठेवतो आता. आणि टोपी. पोट्टं ऐकत नाही पण ठेवतो.

गोदाकाठची_मैना
आमच्याकडे डोळ्याला काहीही झालं की सासूबाईंचं पूजेचं गुलाबपाणी. नाहीतर मध. नणंदेच्या डोळ्यात घातला होता, तिने जी आरोळी ठोकली ती वाड्यातल्या तीन पिढ्यांना आठवते.

टोमॅटोसार
आमच्याकडे बाळंतिणीचं दूध. सगळ्या गल्लीत कोण बाळंतीण आहे याची यादी आजीकडे तयार असायची. माझ्या काकाने, वय वर्षे ४५, साफ नकार दिला होता

गोदाकाठची_मैना
😂😂 काकांची बाजू घेते मी

निवृत्त_परिचारिका
हसा, पण घालू नका डोळ्यात. दूध नको, मध नको, काजळ तर अजिबात नको.

रातराणी_पुणे३०
माझ्या डोळ्याच्या पांढऱ्यावर लहानपणापासून तपकिरी तीळ आहे. त्रास काही नाही, पण लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तो पुसून टाकला! घरच्यांनी विचारलं तर म्हणे, मला वाटलं लेन्सवर धूळ. आता नवऱ्याकडच्या अल्बममध्ये मी जरा वेगळीच बाई आहे. स्थळं बघताना एका मावशींनी "मुलीच्या डोळ्यात दोष" म्हणून निरोप पाठवला होता, त्यांच्या मुलाचं अजून जमायचंय.
डॉक्टर दर वर्षी त्याचा फोटो काढून ठेवतात. वाढला, रंग बदलला किंवा भोवती जाड रक्तवाहिन्या दिसायला लागल्या तर काढून तपासायचा, एरवी राहू दे म्हणतात.

पळसफुलं
मला परीक्षा आली की एका कोपऱ्यात लाल पट्टा यायचा. किंचित खुपायचं, बाकी काही नाही. केतकीताईंच्या आत्यांसारखंच असेल या भीतीने आत्ता हा धागा वाचता वाचता घाम फुटला. पण माझ्या वेळी डॉक्टरांनी एक थेंब टाकला, थोडा वेळ बसवलं, आणि लाली गायब. म्हणाले, वरवरच्या नसा आहेत, या थेंबाने आकसतात. हा एपिस्क्लेरायटिस. खोलवरची सूज असती तर लाली गेली नसती. थंड पट्ट्या आणि नुसते वंगणाचे थेंब दिले. सीए झाले तेव्हापासून आलेला नाही.

केतकीचं_बन
अगं घाबरू नकोस, आत्याला रात्रीचा ठणका होता, बोट लावलं तरी कळ यायची. तुझं नुसतं खुपत होतं.

टेम्सकाठी
मी इंग्लंडमध्ये. मला लाली बुबुळाभोवती कड्यासारखी आली आणि उजेडाने डोळा उघडेना. इथे जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे, नंबर लागेना, औषधाच्या दुकानातल्या बाईने बघितलं आणि थेंब द्यायला नकार देऊन थेट डोळ्यांच्या तातडीच्या विभागात पाठवलं. पांढऱ्यापेक्षा आत सूज होती, युव्हायटिस. तिथल्या डॉक्टरने विचारलं, सकाळी कंबर धरते आणि चालल्यावर मोकळी होते का? होत होती! मी गादी बदलून बदलून थकलो होतो. रक्तात एचएलए-बी२७ (या संधिवाताशी जोडलेली खूण) पॉझिटिव्ह, मणक्याचा संधिवात. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांध्यांचं एवढं काय पडलेलं असतं ते मला तेव्हा समजलं.

अर्धा_कप
गादी कुठली घेतली शेवटी? मलाही बदलायचीय

टेम्सकाठी
सगळ्यात स्वस्त. फरक औषधाने पडला, गादीने नाही.

मेथीकूट
केतकी, आत्या सोलापूरला कुठे? माझं माहेर शुक्रवार पेठेत.

केतकीचं_बन
अगं बाळीवेस! शेजारीच की. आत्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आता पुण्याला मुलाकडे असते. शेंगाचटणी अजून सोलापूरहूनच मागवते, पुण्याच्या चटणीला चटणी म्हणत नाही.

मेथीकूट
बरोबरच आहे तिचं.

गोदाकाठची_मैना
माझ्या आईलाही आमवात आहे, डोळे कोरडे पडतात, वाळू गेल्यासारखे टोचतात. हे त्यातलंच का? मेथोट्रेक्सेटला घाबरते ती, कॅन्सरचं औषध आहे म्हणते.

केतकीचं_बन
कोरडेपणा आमवातात बऱ्याच जणांना होतो, पण लाली आणि रात्रीचा ठणका असेल तर वाट बघू नकोस, डोळ्यांच्या डॉक्टरांना आमवाताची फाइल घेऊनच दाखव. गोळीचं म्हणशील तर कॅन्सरला देतात ती मात्रा फार मोठी, इथे अगदी थोडी. ती आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही, हे घरात सगळ्यांना पाठ करायला लाव, कारण चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. आत्याच्या कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल असतो. सोबत फॉलिक ॲसिड आणि ठरावीक काळाने रक्ताची, लिव्हरची तपासणी.

गोदाकाठची_मैना
रविवारचं लक्षात राहील, मटणाचा वार. फाइल शोधते उद्या. कपाटात लग्नपत्रिकांच्या खाली असणार.

साखरवाडी_एक्सप्रेस
एक विचारायचं राहिलं. घरात फ्रीजच्या दारात एक थेंबांची बाटली आहे, सगळे तीच वापरतात. गेल्या दिवाळीची असेल. चालते का?

चष्मेवाली
नाही रे बाबा. उघडली की साधारण महिनाभर, मग एक्सपायरी पुढची असली तरी टाकायची. आणि एकाची बाटली दुसऱ्याने नाही.

साखरवाडी_एक्सप्रेस
टाकली. आजी विचारतेय माझं गुलाबपाणी कुठे गेलं. ते गुलाबपाणी होतं होय